भाकरीच्या तव्यावर मटणाचा बर्गर

मुलगा नागपूरला शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा म्हणाला, "आई, आपल्या तव्यावर बर्गर होत नाही काय?" होते की, म्हणाले, आणि पुढचे तीन रविवार त्यातच गेले.

पहिल्या रविवारी बाजारात खाटकाला सवयीनं सांगितलं, "चरबी काढून द्या जी." तिथंच चुकलं. बोकडाचं मटण मुळातच कमी चरबीचं. टिक्की सराट्यानं उलटायला गेले तर तव्यावर भुगा, आणि तोही कोरडा.

दुसऱ्या खेपेला कोफ्त्यासारखं अंडं, बेसन, मीठ घालून कणकेसारखं मळलं. टिक्की फुटली नाही, पण रबरासारखी झाली. मुलानं अर्धी ताटात ठेवली, बोलला काही नाही. मला मात्र फार लागलं. मग वाचून कळलं, की मीठ खिम्यातली प्रथिनं सुटी करतं आणि मळलं की ती एकमेकांना घट्ट धरतात. कबाबाला तो चिकटपणा हवाच असतो, बर्गरला नको. इतक्या वर्षांचा मळायचा हात आवरणं हेच मला सगळ्यात जड गेलं.

तिसऱ्या रविवारी ४०० ग्रॅम मटण आणि १०० ग्रॅम चरबी वेगळी मागून घेतली. खाटकानं ओंडक्यावर सत्तुरानं दोन्ही एकत्र, दोनदा बारीक केलं. घरी आल्यावर खिमा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला. लाइन होती म्हणून बरं, कारण चरबी मऊ पडली की हातालाच लागते. त्यात काहीही न घालता हलक्या हातानं चार टिक्क्या थापल्या, पावापेक्षा बोटभर मोठ्या, कारण शिजताना त्या आक्रसतात. कडा आधी आवळतात आणि मधला भाग फुगतो, म्हणून प्रत्येकीच्या मध्ये अंगठ्यानं खळगा केला.

भाकरीचा जाड लोखंडी तवा मोठ्या आचेवर चांगला तापवला. पाण्याचा थेंब नाचायला लागल्यावर टिक्क्यांना वरून मीठ-मिरपूड लावली आणि लगेच तव्यावर टाकल्या. चार मिनिटं हात लावला नाही. दाबायचा मोह फार होतो, पण दाबलं की रस तव्यात जातो. खालून तपकिरी खरपूस झाल्यावर टिक्की आपोआप सुटते. उलटून आच मध्यम केली, आणखी चार-पाच मिनिटं. मधून गुलाबी राहू देऊ नका. खिमा करताना मांसाच्या वरचे जंतू आत मिसळतात, म्हणून मध्यापर्यंत ७१ अंश सेल्सिअस उष्णता पोचावी लागते. एक टिक्की कापून पाहिली, आत कुठे गुलाबी नव्हती, रस स्वच्छ होता.

तव्यात सुटलेल्या चरबीत कांद्याच्या चकत्या परतल्या, बेकरीचे गोल पाव आडवे कापून त्यावरच शेकले. सॉसऐवजी बांधलेल्या दह्यात जवसाची चटणी कालवली. मुलानं पहिला घास घेतला आणि दुसरा पाव हातात धरूनच बसला.

बोकडाची चरबी गार झाली की टाळूला चिकटते, त्यामुळं हे खाणं ताटात थांबत नाही. शेतातल्या पंपाची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, आमचे हे हरभऱ्याला पाणी द्यायला गेले होते. त्यांची टिक्की मी कच्चीच फ्रीजमध्ये ठेवली. साडेदहाला अंगणात गाडीचा आवाज आला, तेव्हा तवा पुन्हा चढवला.