बांधावरची चंदेरी रिंगणी: काट्यानं फसवलं, मुळानं सांगितलं

मोहोळकडच्या ज्वारीच्या रानातल्या त्या राखाडी झाडाला अखेर नाव मिळालं: सोलॅनम इलिॲग्निफोलियम. मूळ अमेरिकेतलं. आपल्याकडच्या काटेरी रानवनस्पतींपैकी डोरली नाही, भुईरिंगणी तर नाहीच.

घोडं अडलं होतं काट्यांपाशी. ओळख-किल्लीची (एकेक लक्षण विचारत झाडाच्या नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्याची) पहिलीच पायरी काटे विचारते आणि आपल्या चार फांद्यांपैकी तिघींना काटाच नाही. या जातीत बिनकाट्याची झाडंही निघतात, त्यामुळे ती पायरी सोडूनच द्यावी. फोनवरचं ॲप तर प्रत्येक फोटोला ‘भुईरिंगणी’ म्हणत राहिलं. जमिनीला चिकटून पसरणारी ती कुठं आणि गुडघाभर ताठ उभं हे कुठं!

मग पानावरची लव. दहापट भिंगाखाली चांदणीच्या आकाराचे केस दिसले, पण चांदण्या डोरलीलाही असतात. फरक दाटीत आहे. डोरलीचं पान वरून हिरवं राहतं, याचं दोन्ही बाजूंनी राख फासल्यासारखं. साठपट खिशातल्या सूक्ष्मदर्शकात (स्वस्तातला, फोकस थरथरतो, तरी पैसे वसूल) एकेका चांदणीचे किरण बुडाशी जुळून खवल्यासारखे झालेले दिसतात. शिवाय पान अरुंद, कडा नागमोडी, डोरलीसारखे खोल खंड नाहीत.

तरी खात्री पटली ती मुळानं. काळ्या रानात टिकाव भेगेच्या कडेनं घालायचा. वरून घाव घातला की मूळ तुटतं, दोनदा तुटलंच. तिसऱ्या खड्ड्यात वीतभर खाली आडवं मूळ लागलं, त्यावर सात फुटवे. सात झाडं म्हणून मोजलेलं ते एकच निघालं.

नमुना वाळवायला कागदांत दाबला, त्यात जांभळी फुलं झकास दाबली गेली, लांबोडके पिवळे परागकोशही शाबूत. फळं अख्खी ठेवली म्हणून बुरशी आली. सेंटीमीटरभराचं फळ अर्धं कापूनच दाबा, बिया वेगळ्या पाकिटात घाला. कागद रोज बदला, पण वर्तमानपत्राच्या गुळगुळीत पुरवण्या नकोत; त्या पाणी पीत नाहीत.

नमुन्याची दुसरी प्रत पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे न्यायची आहे, अक्षांश-रेखांशासह.

मालदांडी ज्वारीच्या पेरणीआधी तो तुकडा रोटाव्हेटरनं फिरवायचं ठरलं होतं. ते रद्द. मुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडाही फुटतो, म्हणजे एकाची शंभर. आधी दोरी बांधून पट्टा वेगळा काढायचा, अवजार तिथं घालायचंच नाही. आणि हे लिहिता लिहिता सुचलं: पिवळी फळं धरलेली असताना त्या रानात मेंढ्या बसवू द्यायच्या नाहीत. लेंड्यांतून बी पुढच्या शिवारात जातं. धनगरांचा तळ पडण्याआधी फळं खुडून गोणीत भरायला हवीत, या आठवड्यातच.