आमची वाटचाल: चटईच्या शेडपासून मोटरहोमच्या टपापर्यंत

आमच्या धंद्यात सगळा हिशोब स्क्वेअर फुटावर चालतो. चटई फॅक्टरीचं शेड ५,००० फूट, डाळ मिलचं गोडाऊन ८,००० फूट, चार पोरं लावली की आठवड्याच्या आत काम खल्लास. हा हिशोब मोडला तो एका गाडीच्या टपाने, फक्त १३८ स्क्वेअर फूट, आणि त्या टपाने मला जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या सहा वर्षांतल्या सगळ्या पत्र्यांनी मिळून शिकवलं नव्हतं.

आम्ही जळगावचे. एमआयडीसीत छोटा गाळा आहे, काम हीट रिफ्लेक्टिव्ह कोटिंगचं, म्हणजे ऊन परतवणारा पांढरा रंग छताला मारायचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, हे खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

माझ्या आजीचं घर यावल तालुक्यात, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की पावसाच्या आधी धाब्यावर पांढरी माती टाकायची, दरवर्षी, आणि आम्ही पोरं घमेली उचलायचो. ती माती पाऊस अडवायला आहे एवढंच मला माहीत होतं, पण भर दुपारी त्या घरात माणूस झोपू शकायचा. पुढे धाबं पाडून पत्रे टाकले आणि त्याच जागी दुपारी बसवेना. धाब्याच्या गारव्यात मातीच्या जाडीचा वाटा सगळ्यात मोठा होता हे आता कळतं, पण वरचा थर पांढरा होता हेही खरं, आणि आजी तो पांढराच राहावा म्हणून वर काळी माती पडू द्यायची नाही.

आयटीआयला पेंटर जनरल केलं, मग सहा वर्ष दुसऱ्याच्या पावडर कोटिंगच्या दुकानात. २०१६ मध्ये मुद्रा लोन काढलं तीन लाखांचं, जुनं एअरलेस स्प्रे मशीन घेतलं आणि सुरू केलं. पहिले तीन महिने कोणी उभं करत नव्हतं, सगळे म्हणायचे चुना मारला की झालं, आणि त्यांचं पूर्ण चुकत होतं असंही नाही, चुना पण ऊन परतवतोच, फक्त पहिल्या-दुसऱ्या पावसात धुऊन जातो. शेवटी एका चटईवाल्या शेठने सांगितलं, एक गाळा करून दाखव, पटलं तर बाकीचं देतो. आम्ही शेडचा एक भाग केला. चौथ्या दिवशी शेठचा फोन आला, म्हणे सगळ्या बाया दुपारचा डबा खायला उठून त्या भागाखाली जाऊन बसतात, उरलेलं कधी करतोस. त्याला मी थर्मामीटरचं रीडिंग दाखवायच्या आतच काम मिळालं होतं.

रीडिंगवरून आठवलं, सुरुवातीला माझ्याकडून एक चूक व्हायची ती इथे लिहितो कारण आजही भरपूर लोक ती करतात. ती तापमान मोजायची पिस्तुलासारखी इन्फ्रारेड गन असते ना, ती नव्या कोऱ्या चमकणाऱ्या पत्र्यावर धरली की ४० दाखवते आणि हात लावला तर कातडी भाजते. मला वाटलं गन खराब. खराब नव्हती, चमकणारं धातू स्वतःची उष्णता बाहेर फेकतच नाही नीट, त्यामुळे गनला ती दिसत नाही. उपाय साधा आहे, पत्र्यावर वायरमनची काळी टेप चिकटवायची, दहा मिनिटं थांबायचं आणि टेपवर रीडिंग घ्यायचं. आणि ह्याच कारणामुळे चकाकणारा पत्रा इतका तापतो, तो ऊन बऱ्यापैकी परतवतो पण जे आत शिरलं ते सोडत नाही. चांगला पांढरा कोट दोन्ही करतो, नवा असताना पडलेल्या उन्हाचा शंभरातला ८० च्या आसपास भाग परत पाठवतो आणि जी थोडी उष्णता घेतली ती पण पटकन आकाशाकडे सोडतो.

मग शेड मिळत गेले, पोल्ट्री, केळी पिकवायचे रायपनिंग चेंबर, दोन-तीन शाळा. २०२० चा उन्हाळा पूर्ण गेला, आमचा सीझनच मार्च ते मे आणि तेव्हाच लॉकडाऊन, बादल्या गाळ्यात पडून, दोन पोरं गावी गेली ती परत आली नाहीत. त्या काळात मिसेसने उधारीची वही हातात घेतली आणि एकेकाला फोन लावून जेवढं निघेल तेवढं काढलं, त्यावर आम्ही तरलो.

आता त्या टपाकडे येतो. २०२२ चा मार्च. नाशिकचे एक रिटायर जोडपं, त्यांना मी काका-काकूच म्हणतो, ट्रॅव्हलर घेऊन त्याचं मोटरहोम करून घेतलेलं, अजिंठा बघून पुढे मध्य प्रदेशात जायचा बेत. आमच्या एका शेडवाल्याच्या ओळखीने गाळ्यासमोर येऊन उभे राहिले. टप गडद ग्रे रंगाचा, दिसायला एकदम झकास. काका म्हणाले, "अहो रात्री दहा वाजेपर्यंत आत बसवत नाही, एसी लावला तर अडीच तासात बॅटरी बसते." मी शिडी लावून वर गेलो, दुपारी दोनला टपाचं रीडिंग ७४. भर उन्हात एका चौरस मीटरवर जवळपास १,००० वॅट ऊन पडतं, आणि त्यांचा टप पावणेतेरा चौरस मीटर, म्हणजे वरती बारा हजार वॅटची शेगडी आणि खाली माणसं.

आम्ही काम केलं जसं शेडचं करतो तसं. प्रेशरने धुतलं, प्रायमर, अ‍ॅक्रिलिक इलास्टोमेरिकचे, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या रंगाचे दोन हात, दीड दिवसात मोकळं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला रीडिंग ४९. काका खूश, मी खूश, पोरांनी टपासोबत फोटो काढले.

जुलैमध्ये काकूंचा फोन आला. फोटो पाठवला होता, एसीच्या भोवती चार बोटं रुंद कोट सालीसारखा उचललेला आणि पाणी आत गादीपर्यंत आलेलं. काकू एक शब्द वाकडं बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "बघून जा बाबा एकदा." त्यानेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून नाशिकला गेलो.

वर चढल्यावर पाच मिनिटांत कळलं. एसीच्या कडेला, सोलर पॅनलच्या पायांना, व्हेंटच्या फ्रेमला सगळीकडे सिलिकॉन लावलेलं होतं, जिथून गाडी बनवून घेतली तिथेच, आणि सिलिकॉनवर जगातला कुठलाच साधा रंग धरत नाही, हे मला माहीत होतं तरी मी ते ओरबाडून काढलं नव्हतं कारण शेडवर असं कधी समोर आलं नव्हतं, तिथे आपण पत्रा धरणाऱ्या जे-बोल्टच्या वायसरवर सीलंट मारतो आणि पुढे जातो. दुसरी गोष्ट, एसीच्या वजनाने टप तिथे थोडा दबलेला, त्या खड्ड्यात पाणी साचून राहायचं आणि साचलेल्या पाण्यात अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं. शेडच्या पत्र्याला उतार असतो, पाणी थांबतच नाही, म्हणून हे पण कधी दिसलं नव्हतं. तिसरं म्हणजे गाडी हलते. रस्त्यावर तिचा प्रत्येक सांधा ताणला जातो आणि ८० च्या स्पीडला वारा कोटाची एक मोकळी कड सापडली की तिथून सोलत नेतो.

तेव्हा तात्पुरतं ताडपत्री आणि पाणी अडवणाऱ्या चिकट ब्युटाइल टेपवर भागवलं आणि पावसाळा संपल्यावर गाडी जळगावला आणून पूर्ण काम नव्याने केलं, पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. सहा दिवस लागले. काका रोज येऊन स्वतः स्क्रेपर घेऊन बसायचे. तिथून आमची पद्धत ठरली ती आजपर्यंत तीच आहे आणि ती मी उघड सांगतो, ज्याला घरी करायचंय त्याने खुशाल करावं.

पहिले दोन दिवस रंगाचा डबा उघडायचाच नाही. सोलर पॅनल उतरवायचे, शक्य असेल तर एसी पण उचलून त्याची गॅस्केट बघायची, फ्रिजचा व्हेंट मास्क करायचा. सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने काढायचं, धातूच्या पट्टीने टपाला ओरखडे पडतात, मग रिमूव्हर, मग आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, आणि मग पाणी शिंपडून बघायचं. पाणी सपाट पसरलं तर जागा स्वच्छ, मोत्यासारखे थेंब झाले तर सिलिकॉन अजून आहे, परत घासा. जुना फायबरचा टप असेल तर काळं कापड फिरवायचं, कापडावर पांढरी भुकटी आली म्हणजे वरचा थर मेलेला आहे, त्यावर काहीही मारलं तरी ते भुकटीलाच चिकटणार, टपाला नाही. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळं मॅट करायचं. अ‍ॅल्युमिनियम असेल तर एचिंग प्रायमर, लोखंड असेल तर इपॉक्सी. प्रत्येक सांध्यावर आणि स्क्रूच्या ओळीवर पॉलिस्टरची जाळी ओल्या कोटात दाबून बसवायची. नवीन सीलंट पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, ज्यावर रंग धरतो.

मग हात मारायचे, पहिला आडवा, दुसरा उभा, मधे पूर्ण सुकू द्यायचं. सकाळी टप गार असतानाच. तापलेल्या टपावर मारलं तर वरून साय धरते, खाली पाणी अडकतं आणि फोड येतात. थंडीत उलटं, दुपारी तीननंतर हात लावायचा नाही, संध्याकाळचं दव ओला कोट धुऊन नेतं, एकदा डिसेंबरमध्ये आमचा अख्खा टप असा गेलाय. ओल्या कोटाची जाडी कंगव्याने मोजायची, वेट फिल्म गेजला आम्ही कंगवाच म्हणतो. मटेरियलमध्ये घन भाग निम्मा असेल तर ओला ५०० मायक्रॉन सुकून २५० च होतो, आणि बरेच जण इथेच मटेरियल वाचवतात. मोटरहोमला आम्ही शेवटचा हात अ‍ॅलिफॅटिक पीयूचा देतो, एक तर तो पिवळा पडत नाही आणि दुसरं म्हणजे कडक असतो, निव्वळ इलास्टोमेरिक थोडं चिकटच राहतं, धूळ धरून ठेवतं आणि धूळ बसली की ऊन परतवणं कमी होतं. पॅनल पुसायला जिथे पाय पडतो त्या पट्ट्यात बारीक वाळू मिसळतो, पांढरा ओला टप फार घसरडा.

वजनाची चौकशी सगळे करतात. अर्धा मिलीमीटर सुकलेला कोट पावणेतेरा चौरस मीटरवर म्हणजे आठ-नऊ किलो भरतो, दोन पाण्याच्या कॅनपेक्षाही कमी.

आता जे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला काम घ्यायच्या आधी सांगतो आणि त्यामुळे माझी काही कामं गेली सुद्धा आहेत. हा रंग इन्सुलेशन नाही. तो छतावरचं ऊन परतवतो, बस. पुढच्या काचेतून येणारं ऊन तो कसं थांबवणार, त्यासाठी काचेला बाहेरून कव्हर लावा. बाहेर ४४ असेल तर गाडीत ३० होणार नाही, आमच्या काकांच्या गाडीत बंद उभी असताना आतली हवा ५३ वरून ४७ वर आली आणि एसी अडीचच्या जागी जवळपास चार तास चालला, मी हेच आकडे सांगतो, जास्त नाही. रंगात मिसळायची काचेच्या पोकळ गोळ्यांची पावडर घेऊन लोक येतात, म्हणतात अर्धा मिलीमीटरमध्ये चार इंच थर्माकोलचं काम होतं. मी विकत नाही. अर्धा मिलीमीटर तो अर्धा मिलीमीटरच, आतून फोम पाहिजेच. आणि गाडी वर्षभर मनाली साइडला राहणार असेल तर मी स्वतःच नको म्हणतो, तिथे ते ऊन हवं असतं.

रेटचा घोळ मात्र राहिलाच. शेडच्या रेटने १३८ फुटाचं बिल केलं तर पोरांची मजुरी पण निघत नाही. गिऱ्हाईक म्हणतं एवढ्याशा टपाचे एवढे पैसे? मग आम्ही फूट सोडून दिवसाचा हिशोब लावायला लागलो, घासकामाचे दिवस वेगळे, कोटिंगचे वेगळे, कागदावर लिहून. आधीचं आणि नंतरचं रीडिंग पण त्याच कागदावर, वेळ आणि बाहेरचं तापमान टाकून. भांडणं थांबली.

२०२१ मध्ये महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हा मला वाटलं होतं आपला काय संबंध, पण नंतर पुण्याकडच्या दोन गाडी बनवणाऱ्यांनी काकांची गाडी बघून फोन केले. त्यांना मी एकच विनंती केली की एसी आणि पॅनल बसवायच्या आधी टप आमच्याकडे द्या. कोऱ्या टपावर कोट करून मग भोकं पाडली आणि पीयूने सील केली तर अर्धा त्रास वाचतो, गाडीवाल्याचाही आणि आमचाही. एक जण आता तसंच पाठवतो. दुसरा अजून सगळं बसवून, वर सिलिकॉन लावून पाठवतो.

काकांचा टप दर सहा महिन्यांनी मी स्वतः बघतो, ते जळगावहून जाताना थांबतातच. एसीपाशी जाळी अजून घट्ट आहे. गेल्या वेळी साबणाच्या पाण्याने धुऊन रीडिंग घेतलं तर पहिल्या वर्षापेक्षा दोनच डिग्री जास्त. सध्या गाळ्यात त्या दुसऱ्या पुणेवाल्याची गाडी उभी आहे, दोन दिवस झाले सिलिकॉनच काढतोय, पाणी शिंपडलं की मागच्या व्हेंटपाशी अजून थेंब होतात. उद्या परत घासायचं.