तुम्ही विचारलंत म्हणून: परत एकदा नीट, मेडिकलची प्रवेश परीक्षा, का नाही दिलीस?

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात मी पंगतीत बुंदी वाढत होते. आत्याच्या पानाशी आले, तर तिनं माझा हातच धरला. "एवढी हुशार पोरगी तू. अजून एकदा द्यायची होतीस गं नीट." शेजारच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. दर वेळी मी "हो ना" म्हणून पुढे सरकते, तशी तेव्हाही सरकले. पण पंगत उठेपर्यंत मनात ठरलं, की आता एकदाच काय ते लिहून टाकायचं. तोंडी सांगायला गेलं की मधेच कुणीतरी "अगं पण" म्हणतं आणि सगळं राहून जातं.

बारावीनंतर नीटच्या तयारीसाठी घेतलेले दोन ड्रॉप, म्हणजे दोन वर्षं, लातूरची खोली, रविवारच्या टेस्ट आणि शेवटी बीएस्सी नर्सिंग हे तुम्हाला माहीत आहे. 5 मे 2019 ची, नीटच्या पेपरची दुपार माहीत नाही.

पेपर दोन ते पाच होता. दीडला गेट बंद होणार, म्हणून आम्ही बारालाच पोचलो. कानात काही चालत नाही हे माहीत होतं, तरी माझ्या रिंगा निघतच नव्हत्या. अण्णांनी रसवंतीवाल्याकडून बोटभर साबण मागून आणला आणि गेटसमोर उभ्या उभ्या त्या काढल्या. रुमालात बांधून खिशात ठेवल्या. मग म्हणाले, "जा. घाई करू नको."

पहिले दोन तास चांगले गेले. खरंच चांगले गेले, हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणत नाही. 104 वा प्रश्न लांबलचक होता, तो नंतर बघू म्हणून सोडला आणि 105 कडे वळले. पण उत्तरपत्रिकेवर 105 चा गोळा रंगवला तो 104 च्या ओळीत. मग 106 चा 105 मध्ये. असं करत करत मी पान उलटलं. प्रश्नपत्रिकेत 119 होता आणि माझं पेन 118 च्या ओळीवर टेकलं होतं.

काळ्या बॉलपेननं रंगवलेला गोळा पुसता येत नाही. 104 ते 117, चौदा गोळे. मी ते बोटानं मोजले. परत मोजले. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. पर्यवेक्षक मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाळा, पाणी हवंय का?" मी मान हलवली, पण हो की नाही ते आज आठवत नाही.

ओळ चुकणं ही चूक होती, आणि चूक कुणाचीही होते. त्यानंतर जे झालं ते मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. वीस मिनिटं मी काहीच केलं नाही. पेन हातात, समोर साठाहून जास्त प्रश्न बाकी आणि मी ते चौदा गोळे बघत बसले. टेस्टमध्ये शंभरदा ऐकलं होतं, अडकलं की सोडा, पुढे चला. सोडता आलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी पुन्हा लिहायला लागले तेव्हा वाचलेलं वाक्य डोक्यात थांबत नव्हतं. शेवटचे बरेच गोळे मी अंदाजानं भरले.

बाहेर अण्णा लिंबाच्या झाडाखाली उभे होते. त्यांनी आधी रुमाल काढून रिंगा हातात दिल्या, मग विचारलं, "कसा गेला गं?"

"बरा गेला."

त्यांनी तिथूनच आईला फोन लावला. "बरा गेला म्हणती." मग आम्ही उसाचा रस प्यायलो. त्यांनी स्वतःचा अर्धा ग्लास माझ्या ग्लासात ओतला.

5 जूनला निकाल लागला, 720 पैकी 401. उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरतालिका घेऊन विजेच्या बिलाच्या पाठीमागे हिशोब मांडला. चौदा गोळ्यांतले तीन योगायोगानं बरोबर आले होते, अकरा चुकले होते. बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा. बारातून अकरा वजा, म्हणजे एक गुण. तीच उत्तरं आपापल्या ओळीत असती, तर 105 ते 117 या तेरातली (118 ची ओळ मोकळीच होती, तो नंतर तिथंच भरला) अकरा बरोबर होती, दोन चूक, म्हणजे 42 गुण. एकूण 442 झाले असते. वीस मिनिटांचे किती गेले ते कुठल्याही तालिकेत सापडत नाही.

442 ला सरकारी कॉलेज मिळालं असतं का? त्या वर्षीची शेवटच्या फेरीची यादी बघितली की कळेल. मी ती आजपर्यंत उघडलेली नाही. मिळालं नसतं असं निघालं तर एवढी वर्षं कशाचं दुःख केलं? आणि मिळालं असतं असं निघालं तर?

आता तुमचा प्रश्न. परत का नाही दिली? आजवर मी सांगत आले, घरची परिस्थिती. ते अर्धंच खरं आहे. अण्णा तयार होते. "अजून एक वर्ष बघ, सोयाबीनचे पैसे येतील," असं त्यांनी स्वतः म्हटलं होतं. मला त्या हॉलमध्ये पुन्हा बसायची भीती वाटत होती. टेस्टसुद्धा सोडवता येत नव्हती, गोळे दिसले की हात थांबायचा. याला पळ काढणं म्हणायचं असेल तर म्हणा. मी स्वतःला ते म्हणून बघितलंय, आणि प्रत्येक वेळी पटलंय असं नाही.

"बीएएमएस तरी करायचं होतंस, नावापुढे डॉक्टर लागलं असतं," असंही म्हणता. 401 ला खासगी कॉलेजात ते मिळत होतं. मनापासून आयुर्वेद शिकलेल्या मैत्रिणी आहेत मला, त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण माझं मन त्यात नव्हतं, आणि केवळ पाटीसाठी साडेपाच वर्षं आणि ती फी मला झेपणारी नव्हती.

मग नर्सिंगमध्ये तरी मन होतं का? नव्हतं. तेव्हाच्या वहीत मी लिहून ठेवलंय, "प्रवेश घेऊन ठेवते, सोबत नीटचा अभ्यास चालू." ती वीस वर्षांची मुलगी मला हल्ली आठवते आणि तिच्याशी भांडावंसं वाटतं. तुला नर्सिंग म्हणजे थांबायची जागा वाटत होती, एसटीची वाट बघत बसतात तशी. पण ती उलट विचारते, मग बारावीची बायोलॉजीची पुस्तकं दुसऱ्या वर्षापर्यंत ट्रंकेत का ठेवली होतीस? तिचंही खरं आहे. तिसऱ्या वर्षी ती मी एका ज्युनिअरला देऊन टाकली. त्या दिवशी फार मोठं काही वाटलं नाही, ट्रंकेत जागा झाली एवढंच.

आता मी एका जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आहे, कंत्राटी. काम काय असतं ते कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. मागच्या पावसाळ्यातली नाईट. वॉर्मरखाली 1100 ग्रॅमचं बाळ, नळीतून दर दोन तासांनी आईचं काढलेलं दूध. पहाटे तीनच्या सुमारास मॉनिटर वाजला. छाती हलत नव्हती, ऑक्सिजन 80, मग 70. डॉक्टर दुसऱ्या बाळासाठी सीझरला गेले होते. मान सरळ केली, तळपायावर टिचकी मारली, पाठ चोळली. काही नाही. पुन्हा चोळली. मग छातीचा पिंजरा उचलल्यासारखा हलला आणि आकडे चढायला लागले. माझ्या अंगठ्याएवढा त्याचा तळपाय होता.

डॉक्टर आले, त्यांनी बाळ तपासलं आणि श्वास चालू राहावा म्हणून कॅफिनचा डोस लिहिला. मोजून मी दिला. तो का द्यायचा हे मला ठाऊक होतं, पण लिहायचा अधिकार माझा नव्हता. हे त्या क्षणी टोचलं, हे लपवून काय करू? आणि "सेवा करतेस हो" म्हणता तेव्हाही टोचतं. श्वास थांबलेलं बाळ ओळखणं दयेनं येत नाही. ते शिकावं लागतं, चार वर्षं, आणि मग रोज.

लातूरच्या बॅचमधली एक मैत्रीण गेल्या वर्षी आमच्याकडे डॉक्टर म्हणून आली. बाहेर भेटली तेव्हा गळ्यात पडली. वॉर्डात नातेवाइकांसमोर तिनं हाक मारली, "सिस्टर." बरोबरच मारली, मीही तिला मॅडम म्हणते. त्या रात्री डबा मात्र तसाच परत नेला. पुढच्या आठवड्यात तिला एका बाळाची शीर मिळेना, शिरेत घालायची बारीक नळी, पिवळी कॅन्युला, तिनं माझ्या हातात दिली. मी लावली. यातला कुठला दिवस खरा धरायचा, ते मला ठरवता आलेलं नाही.

2022 मध्ये नीटची वयाची वरची अट काढली. तेव्हापासून तुम्ही म्हणता, "आता तर कधीही देता येते." देता येते, माहीत आहे. नर्सिंगवरून थेट एमबीबीएसला जायची वाट नाही, पुन्हा तेच 180 प्रश्न. कधी कधी नाईटवरून येताना वाटतं, द्यावी. झोपून उठल्यावर वाटत नाही.

आत्याची धाकटी यंदा पहिल्या ड्रॉपला आहे. लग्नातच तिनं मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "दीदी, नाही झालं तर नर्सिंगला जाऊ की परत देऊ?" मला उत्तर देता आलं नाही. दर दहा प्रश्नांनंतर ओळ तपासून बघ, एवढं सांगितलं. का ते तिनं विचारलं, तेव्हा चौदा गोळ्यांचं पहिल्यांदा कुणापाशी तरी बोलले.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. हे मात्र ते वाचतील, आई वाचून दाखवेल. अण्णा, पेपर बरा गेला नव्हता.