सिंगापूर: बोटॅनिक गार्डन ते बुकित तिमा, एका दिवसात

मागच्या महिन्यात आईला घेऊन भावाकडे सिंगापूरला गेले होते, त्यातला एक अख्खा दिवस आम्ही दोघींनी फक्त झाडांसाठी ठेवला. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी लिहितेय.

नेपियर एमआरटीला (मेट्रो स्टेशनला) उतरलं की बोटॅनिक गार्डनचं टँगलिन गेट जवळच आहे. बाग पहाटे ५ ते रात्री १२ उघडी असते आणि तिकीट नाही, फक्त ऑर्किड गार्डनचं वेगळं पडतं. आम्ही सातला आत शिरलो (तिथे उजाडतंच सातला, त्याआधी जाऊन काही दिसत नाही). पहिलं ते टेंबुसूचं झाड बघा, त्यांच्या पाच डॉलरच्या नोटेवर आहे तेच. एक जाडजूड फांदी वर न जाता जमिनीला समांतर आडवी पसरलीय, आईने पर्समधून नोट काढून फांदी न् फांदी जुळवून बघितली!

तिथून बागेतल्याच लर्निंग फॉरेस्टचा उंचावरचा रस्ता करा, मग परत फिरून रेनफॉरेस्टमध्ये जा. हा तुकडा जेमतेम ६ हेक्टरचा, पण लावलेला नाही, बाग १८५९ साली झाली त्याच्या आधीपासूनचं मूळ जंगल आहे. बहुतेक लोक ऑर्किड बघून फोटो काढून निघून जातात आणि हे राहूनच जातं, मला फार वाईट वाटतं त्याचं. आत शिरल्यावर चार पावलांत उजेड कमी होतो, ओल्या पाल्याचा वास येतो, आमच्या समोरून एक चांगली हातभर घोरपड जीभ लपलपवत निवांत रस्ता ओलांडून गेली.

आणखी एक, आम्ही सावंतवाडीकडचे म्हणून सांगते. दोडामार्गला रबराच्या बागांमध्ये खोडावर तिरक्या चिरा आणि खाली वाटी बांधलेली दिसते ना, झाड न मारता असा चीक काढायची पद्धत याच बागेचे तेव्हाचे डायरेक्टर हेन्री रिडली यांनी बसवली. रोपं १८७७ मध्ये लंडनच्या क्यू गार्डनमधून आली होती. हे वाचून आई तिथेच बाकावर बसली, म्हणाली, "अगो, म्हणजे आपल्याकडचं सगळं हयसून सुरू झालां."

बागेच्या दुसऱ्या टोकाला बोटॅनिक गार्डन्स स्टेशन आहे. तिथून मेट्रोची डाउनटाउन लाइन पकडा, तिसरं स्टेशन किंग अल्बर्ट पार्क. (गाडीत पाणीसुद्धा प्यायचं नाही, दंड आहे, बाहेरच पिऊन घ्या.) तिथून जवळ जुनं बुकित तिमा रेल्वे स्टेशन, मलेशियाची गाडी २०११ पर्यंत इथून जायची, आता रूळ गेले आणि २४ किमीची चालायची वाट झालीय, रेल कॉरिडॉर म्हणतात. लोखंडी पुलावरून उत्तरेला चालत राहायचं, मग बुकित तिमाच्या पायथ्याशी नेणाऱ्या हिंडहेड ड्राइव्ह या रस्त्याकडे वळायचं. ही वाट सुंदर आहे पण सावली कमी, आम्ही साडेअकराला तिथे होतो आणि पार घामाघूम झालो.

बुकित तिमा हा सिंगापूरचा सगळ्यात उंच नैसर्गिक डोंगर, १६३ मीटर. आकडा ऐकून हसू नका, डांबरी चढ सुरुवातीपासूनच छातीवर येतो. वरून फारसं काही दिसत नाही, झाडंच आड येतात, पण चढताना दोन्ही बाजूंना सेराया नावाच्या उंच झाडांची सरळसोट खोडं आहेत त्यासाठीच जायचं. गुडघे दुखत असतील तर शेजारच्या हिंडहेड पार्कात जा, थोडं चाललं की जुन्या खाणीतलं हिरवं पाणी आणि मागे उभा कडा दिसतो. आई तिथवरच आली.

माकडांचं मात्र लक्षात ठेवा. आईने पराठ्यांची प्लास्टिकची पिशवी नुसती उघडली, तो आवाज झाला मात्र, एक माकड रेलिंगवरून आलं आणि पिशवी घेऊन गेलंसुद्धा. चूक आमचीच, खाणं बॅगेत चेन लावून ठेवायचं, बाहेर काढायचंच नाही. त्यांना खायला घालायला तर सक्त बंदी आहे.

दोनच्या सुमाराला ढग गडगडायला लागले आणि आम्ही धावतपळत ब्यूटी वर्ल्ड स्टेशन गाठलं. म्हणून माझं ऐका, आमच्या उलट करा. बुकित तिमाचं गेट सकाळी ७ ला उघडतं (संध्याकाळी ७ ला बंद), डोंगर आधी उरका, रेल कॉरिडॉर ऊन चढायच्या आत उतरत्या दिशेने करा आणि बाग दुपारनंतर ठेवा, तिथे पावसात उभं राहायला शेड आहेत आणि रात्रीपर्यंत कोणी बाहेर काढत नाही. छत्री दोघांत एक नको, दोन घ्या.