सेलमची टॅबर्नॅकल मंडळी

मुंबईतील अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती मिशनचा इतिहास आपल्याकडे बहुधा ११ फेब्रुवारी १८१३ पासून, म्हणजे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले त्या दिवसापासून सांगितला जातो. त्यांना पाठवणारे लोक कोण होते, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. माझ्या मते ही मोठीच उणीव आहे, कारण मॅसॅच्युसेट्समधील सेलम या बंदराच्या शहरातील ज्या टॅबर्नॅकल मंडळीत (म्हणजे स्थानिक चर्चमध्ये) या दोघांचा पाळक म्हणून दीक्षाविधी झाला, तिची कथा समजून घेतल्याशिवाय मिशनचा स्वभाव नीट कळत नाही.

सेलमची पहिली मंडळी १६२९ मध्ये स्थापन झाली. ती काँग्रिगेशनल पद्धतीची होती. या पद्धतीत बिशप नसतो; पाळक कोण असावा, कोणाला सभासद करून घ्यावे आणि कोणाला काढावे, हे मंडळी स्वतः ठरवते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील या मिशनच्या जुन्या मंडळ्यांत वाढलेल्यांना हे फार परके वाटणार नाही. हा अधिकार किती भयंकर होऊ शकतो, हे १६९२ च्या चेटूक-खटल्यांत दिसले. रिबेका नर्स या वृद्ध बाईंना दोषी ठरवले जाताच याच मंडळीने त्यांना बहिष्कृत केले आणि त्यानंतर काही दिवसांत त्यांना फाशी झाली. तो बहिष्कार मंडळीने १७१२ मध्ये मागे घेतला. आपल्याच पूर्वजांचा निर्णय चुकला, असे एखाद्या मंडळीने नोंदवून ठेवावे, ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते.

टॅबर्नॅकल मंडळीचा जन्म याच पहिल्या मंडळीच्या भांडणातून झाला. पाळक सॅम्युएल फिस्क यांच्या अधिकारावरून आणि मंडळीच्या कारभारावरून वाद इतका विकोपाला गेला, की १७३५ मध्ये फिस्क आणि त्यांना मानणारे लोक वेगळे झाले. खरी पहिली मंडळी आपणच, असा त्यांचा दावा बरीच वर्षे होता. पुढे त्यांनी ‘तिसरी मंडळी’ हे नाव स्वीकारले. १७६९ मध्ये नॅथॅनियल व्हिटेकर पाळक म्हणून आले. मोहेगन जमातीचे धर्मोपदेशक सॅमसन ऑकम यांच्याबरोबर इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये हिंडून त्यांनी मूलनिवासी मुलांच्या शाळेसाठी निधी जमवला होता आणि त्याच पैशातून पुढे मुख्यतः गोऱ्या मुलांचे डार्टमथ कॉलेज उभे राहिले, ज्याचे ऑकम यांना अतोनात दुःख झाले. १७७४ च्या आगीत सेलममधील उपासनामंदिर जळाले. व्हिटेकर यांनी ते नव्याने बांधताना प्रसिद्ध इंग्रज धर्मोपदेशक जॉर्ज व्हिटफील्ड यांच्या लंडनमधील ‘टॅबर्नॅकल’ या उपासनामंदिराचा नमुना समोर ठेवला आणि तेच नाव मंडळीला चिकटले. त्याच सुमारास व्हिटेकर यांची पद्धत न पटलेले काही लोक बाहेर पडले आणि त्यांनी साउथ चर्च ही मंडळी उभारली.

१८०३ मध्ये सॅम्युएल वूस्टर पाळक झाले. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जुन्या, कडक मताला चिकटून राहिल्यामुळे फिचबर्ग येथील आधीची जागा त्यांना सोडावी लागली होती, आणि सेलममध्येही वारे उलटेच होते. ईस्ट चर्चचे विल्यम बेंटली यांच्यासारखे उदारमतवादी पाळक तेथे वजनदार होते. अशा शहरात, १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या परदेशी मिशन-संस्थेचे पहिले पत्रव्यवहार-चिटणीस वूस्टर झाले. आठवड्याची उपासना, आजाऱ्यांच्या भेटी आणि अंत्यविधी सांभाळून समुद्रापलीकडच्या मिशनऱ्यांना सविस्तर सूचना लिहिण्याचे काम ते करत राहिले. हा बोजा पुढे इतका वाढला, की मंडळीने १८१९ मध्ये इलायस कॉर्नेलियस यांना सहपाळक नेमून वूस्टर यांचा बहुतेक वेळ बोर्डासाठी मोकळा करून दिला. दूरच्या लोकांसाठी आपला पाळक असा वाटून देणे कोणत्याही मंडळीला सोपे नसते.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी, कडाक्याच्या थंडीत, टॅबर्नॅकल मंदिर माणसांनी भरून गेले होते. ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल नेवेल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि लूथर राइस या पाच तरुणांवर त्या दिवशी हात ठेवण्यात आले. उपदेश अँडोव्हर येथील लेनर्ड वुड्स यांनी केला. जहाजे लगेच निघायची असल्याने सगळी घाई चालली होती, आणि ती योग्यच ठरली, कारण जून महिन्यात अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध जाहीर झाले. जडसन आणि नेवेल ही दोन जोडपी फेब्रुवारीतच सेलमच्याच ‘कॅरव्हॅन’ जहाजातून निघाली. हॉल, नॉट आणि राइस फिलाडेल्फियाहून निघाले. पाचही जणांच्या वाटा पुढे फुटल्या. जडसन आणि राइस यांनी कलकत्त्यात बाप्टिस्ट मत (बाप्तिस्मा प्रौढ वयातच घ्यावा, हे मत) स्वीकारले. नेवेल यांच्या पत्नी हॅरिएट मॉरिशसमध्ये अवघ्या एकोणिसाव्या वर्षी वारल्या. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतले. हॉल मात्र मुंबईत राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतराला हात घातला आणि मार्च १८२६ मध्ये नाशिककडील प्रवासात पटकीने वारले. मिशनच्या मुंबईतील छापखान्यातून पुढे गणपत कृष्णाजींसारख्या आपल्या मुद्रकांना जी प्रेरणा मिळाली, तिचे एक टोक अशा रीतीने सेलमपर्यंत जाऊन पोहोचते.

वूस्टर स्वतः भारतात कधी आले नाहीत. प्रकृती ढासळलेली असताना ते चेरोकी या मूलनिवासी लोकांमधील ब्रेनर्ड मिशनला भेट द्यायला टेनेसीत गेले आणि जून १८२१ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे पुतणे सॅम्युएल ऑस्टिन वूस्टर चेरोकींच्या बाजूने उभे राहिल्यामुळे अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या तुरुंगात गेले. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी चेरोकींची जमीन वाचली नाही.

टॅबर्नॅकल मंडळी आजही सेलमच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर आहे. व्हिटेकर यांच्या काळात दुरावलेली साउथ चर्च मंडळी १९२४ मध्ये तिच्यात परत सामील झाली. त्याच वर्षी इकडे प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन झाले, आणि १९७० मध्ये ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले.