गाडीचा बेल्ट घरी बदलला, त्याची गोष्ट
पावसाळा लागला की आमची जुनी गाडी स्टार्ट होताना अशी काही किंचाळायची की इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या आमच्या गल्लीत कोणाला गजर लावायची गरज उरली नव्हती. एसी लावला की आवाज आणखी वाढायचा. "भिया, बेल्ट पे साबुन घिस दो, चुप हो जाएगा," असं एका मेकॅनिकने सांगितलं. साबणाने आवाज दबेल हो, पण बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, पॉवर स्टिअरिंग, एसी असं सगळं या एकाच लांब बेल्टवर फिरतं. बायपासवर तो तुटला तर चार्जिंग बंद, स्टिअरिंग जड, आणि वर इंजिन तापणार.

इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांवर लांबूनच थोडं पाणी मारलं. आवाज थांबला असता तर एखादी पुली, म्हणजे बेल्ट ज्यावर फिरतो ते चाक, तिरकी आहे असं समजलो असतो. तो उलट वाढला, म्हणजे बेल्ट घसरत होता. गंमत अशी की बेल्टवर भेग एकही नाही. जुने निओप्रीन रबराचे बेल्ट तडकायचे. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट टायरसारखे नुसते झिजत जातात. खाचा रुंदावतात आणि पकड सुटते. भेगा शोधणारा फसतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा फोटो काढला, लांब दांड्याच्या पान्याने टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, दाबून धरला आणि बेल्ट उतरवला. मग एकेक पुली हाताने फिरवून बघितली. माझ्या मते खरं काम हेच. टेन्शनर ठीक होता, पण आयडलर, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली, बोटांना खरखर लागली. बेअरिंग गेलेलं. तिच्यावर नवा बेल्ट चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

जुना बेल्ट पिशवीत घालून स्कूटरने छोटी ग्वालटोली गाठली. काउंटरवर सगळे त्याला अजून 'फॅन बेल्ट'च म्हणतात. नंबर 6पीकेचा, म्हणजे सहा कंगोरे, खाचांमधल्या उंच पट्ट्या. पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. कंगोरे मोजून, गाडीचं मॉडेल सांगून बेल्ट आणि आयडलर दोन्ही घेतले.

चढवताना हात काळे होतात, बाकी विशेष काही नाही. मात्र स्टार्टर मारण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येक पुलीवर नजर टाका. एक कंगोरा जरी कडेबाहेर राहिला तरी बेल्टच्या चिंध्या होतात. माझा अल्टरनेटरवर राहिला होता, पुन्हा टेन्शनर दाबून बसवला.

काका म्हणाले, जुना बेल्ट डिकीत असू दे, अडीअडचणीला. मी नाही ठेवला. वाटेत तो घालायचा म्हटलं तर तोच लांब पाना लागणार, आणि तो घरी असतो.