टिच बटणं

आमच्या डे केअरमध्ये केमोचा पेशंट सकाळी येतो आणि संध्याकाळी घरी जातो. पुढचे २१ दिवस घरी त्याचं काय होतं, हे कळावं म्हणून एक फॉर्म आहे. ३० प्रश्न सगळ्यांना, फुफ्फुसाच्या कॅन्सरवाल्यांना वर आणखी १३: खोकला, दम, तोंड येणं, हातापायाला मुंग्या. मुळीच नाही म्हणजे १, फार म्हणजे ४.

बदलापूरचे काका, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर, केमोच्या चौथ्या सायकलला, म्हणजे चौथ्या फेरीला, आले होते. औषधं पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. पॅक्लिटॅक्सेलला सलाईनच्या नळीचा साधा सेट चालत नाही, औषधातला द्रावक नळीच्या पीव्हीसी प्लास्टिकमधलं रसायन ओढून घेतो. म्हणून वेगळा, फिल्टरवाला सेट, तीन तासांचं काम. सुरुवातीची पंधरा मिनिटं मी खुर्चीपासून हलत नाही, कारण रिअ‍ॅक्शन आली तर बहुधा तेव्हाच येते.

फॉर्म भरून घेणारा मुलगा एरवी रिअ‍ॅक्शन टाळायला आधी दिलेल्या एव्हिलच्या गुंगीत पेशंटला गाठतो. ही वेळ कोणी ठरवली कोण जाणे! त्या दिवशी लवकर आला, तरी काकांचे सगळे १ च.

"जड पिशवी उचलताना त्रास?"

"नाही. पिशवी हल्ली मुलगा उचलतो."

"लांब चालताना?"

"नाही. चालतोय कोण?"

फॉर्मवाल्या मुलाने निमूटपणे खुणा केल्या. दादरचा पूल चढताना किती वेळा थांबलात, असा प्रश्न त्या फॉर्ममध्ये नाही. कॅन्सरच्या पेशंटला लोकलच्या अपंगांच्या डब्यात बसता येतं, पण काका जनरलमध्ये उभे राहून येतात.

मुंग्यांनाही १.

मग मॉनिटरच्या वायरी लावायला मी त्यांचा शर्ट उघडायला गेले, तर 'चट्' असा आवाज. वरून नेहमीची पांढरी बटणं शिवलेली, आत टिच बटणं. काजं दोऱ्याने बंद केलेली, टाके इतके बारीक की बोट फिरवल्यावरच कळावेत. मी काकूंकडे पाहिलं. त्या पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या.

"कधीपासून, काका?"

बराच वेळ गप्प. "दुसऱ्या सायकलनंतर. आता नाणंसुद्धा हाताला कळत नाही. पण लिहू नका सिस्टर, डोस कमी करतील. मग हा आजार जाईल कसा?"

मी डॉक्टरांना सांगितलं. बाटली अजून तयार केली नव्हती म्हणून बरं, नाहीतर औषध फुकट गेलं असतं आणि पैसे त्यांचेच. डॉक्टरांनी तपासून पॅक्लिटॅक्सेलचा डोस उतरवला; बधिरपणा असाच वाढला तर बोटं पुन्हा पहिल्यासारखी होतीलच असं नाही, हेही समजावलं. काका मान डोलवत होते, माझ्याकडे मात्र बघत नव्हते. मुंग्यांपुढचा १ खोडून फॉर्मवाल्या मुलाने ४ केला. बाकीचे १ तसेच राहिले. तेही विचारायला हवे होते, पण तोवर माझ्या दुसऱ्या दोन खुर्च्यांचे पंप वाजत होते.

संध्याकाळी सुई काढून कापूस दाबला. काकांनी शर्ट स्वतःच लावला. चट्, चट्, चट्.

"पुढच्या वेळी टी-शर्ट घालून येतो," ते म्हणाले.